अकरा माणसं कमी

हॅलो?… हॅलो!… कोन बोलतंय?… नगरचंच हापीस ना?… आहो, गहिनीनाथ कारकून हायेत का? चष्मेवाले, टायपिंग करत्यात ते… मी? मी त्याची थोरली बहीन. निंबोणवाडीची चांगुणा. काष्टीच्या पोस्टातनं बोलतीय… न्हाई, निरोप न्हाई देत. त्यालाच बोलवा… थांबते की. सकाळपासनं बाकड्यावर बसलेय ट्रंककॉल लागायची वाट बघत, आजून जराशानं काय मरत न्हाई मी…

राही, आगं माझ्या पदराला धरून नको उभी राहू. तिकडं दाराजवळ बस पिशव्या घेऊन… फोनात काय बघायचंय? मामाच बोलनार हाय, वाघ न्हाई निघनार त्यातनं… बस म्हनते ना. लांब बस…

हॅलो?… गहिनी? गहिनी, तूच का रं?… हां, मी आक्का… न्हाई, न्हाई, कुनी आजारी न्हाई… तुझं दाजी बरं हायेत… आरं खरंच बरं हायेत… म्हसबी बरी हाय. फोन आला म्हंजी कुनीतरी मेलंच पाह्यजे का?… हां. तू आधी खुर्चीवर बस बरं.

एक काम हुतं तुझ्याकडं… बारकंसंच हाय… आं?… ऐकू येत न्हाई?… आरं, आज शनवार, काष्टीचा बाजार, पोस्टात लई मानसं हायती. कसं मोठ्यानं बोलू?… बरं बाबा, बोलते. आता येतंय?… आता?…

आमच्या गावचा एक अर्ज आलाय ना तुमच्या हापिसात?… शिरगनतीचा… व्हय, तोच. त्या मास्तरच्या विरुद्धचा… भिंगारदिवे मास्तर… तो अर्ज तेवढा काढून टाक की… काढून! फायलीतनं काढून!… फाड, चुलीत घाल, काय बी कर… का म्हंजी? थोरली बहीन सांगती म्हनून… आरं, तुझ्याच टेबलावरनं जातंय ना सगळं?…

बरं, चिडू नको. जीप मागितली का मी तुझ्याकडं? एक कागद तर हाय… हां… हां… साहेबाच्या टेबलावर गेला? कवा?… आज सकाळी!… आन् तू बघत बसलास?…

सांगते. का ते सांगते. सोमवारी चौकशीला साहेब येनार म्हनं आमच्या चावडीवर. काल दवंडी दिली. समद्यांनी हजर ऱ्हायचं, घरातल्या पोराबाळांसकट… तेच की रं! पोराबाळांसकट!… त्यात वाईट काय म्हंजी?… न्हाई… वाईट काय न्हाई तसं…

आरं, तुला मुळातनं सांगते. यष्टीचं पत्र आलं ना गावाला. रस्ता तर झाला आमचा. दुष्काळात आमी बायांनीच खडी फोडली त्याच्यावर, वर्षभर. तळहाताचे घट्टे आजून गेले न्हाईत. म्हनलं, चला, पोटालाबी मिळालं आन् गावाला रस्ताबी झाला, आता गाडी येईल. तर पत्र आलं, निदान पंधराशे वस्ती पाह्यजे. आन् आमची किती? चौदाशे एकुननव्वद… व्हय. अकरा मानसं कमी. अकरासाठी गाडी फाट्यावरनं वळून शेजारच्या गावाला जानार, आन् आमी हितनं तिची धूळ बघनार…

मंग काय, चावडीवर नुसता कालवा. सरपंच म्हनायला लागला, गावची मानसं खाल्ली कुनी? आता घरोघर जाऊन परत मोजा. कुनाच्या घरात किती डोकी, हितंच उभी करा… मंग?… मंग काय… मंग कुनीतरी म्हनलं, की मास्तर घरोघर आलेच न्हाईत. शाळंत बसून मनानंच आकडं भरलं… कुनी म्हनलं? आता एवढ्या मानसात कुनी म्हनलं ते…

हॅलो?… हां, हाय मी… काय काढलास? अर्जाची नक्कल हाय तुझ्याकडं?… वाच की मंग… हं… हं… 'सदर शिक्षकांनी एकाही घरी न जाता…' हां… सह्या, आंगठे बेचाळीस… पैली सही?…

…हां. माझीच हाय. मला सही येती ना रं. बाकीच्यांचं आंगठं, म्हनून माझी वर. चवथी शिकलेली एकच बाई गावात, मंग समद्या म्हनल्या, चांगुणाबाई, तुमी पैल्या…

पोस्टमास्तर, काय म्हनता?… तीन मिंटं झाली? आत्ताशी तर बोलाय लागले… वाढवा की. वाढवा…

हॅलो, गहिनी? हाय ना?… हां… आमच्या घरी आले हुते का?… आता दोन वर्सं झाली त्याला, कुनाला आठवतंय… पंधरा गावची मानसं येत्यात जात्यात… न्हाई म्हंजी… आं?… ओरडू नको की, ऐकू येतंय मला… आरं, सोमवारी साहेब आले की तेबी आसंच इचारतील, तवा…

आले हुते.

आले हुते म्हनलं!… व्हय, आले हुते आमच्या घरी! शिमग्याच्या उन्हात आले हुते, गळ्यात पिशवी, बगलंत पुठ्ठा. आमच्याच न्हाई, समद्यांच्या घरी गेले हुते. वस्त्यांवर बी गेले. पार धनगरवाड्यापतुर गेले… व्हय, खोटं हाय. अर्ज खोटा हाय… मला ठाव हाय खोटा हाय म्हनून, तवाच तर फोन केला ना तुला!…

का दिला, का दिला… फोन हाय हा, गहिनी. घरी येशीन तवा सांगीन… आज एक वाजता साहेब उठनार?… मंग?… बदलीचा कागद काढनार? कुठं?… बदली न्हाई?…

नोकरीच?…

न्हाई रं. आसं कसं. अकरा मानसांसाठी नोकरी कशी काढत्यात?… सरकारी कामात कसूर… हां… हां…

थांब जरा. 

…काय लपवायचं उरलंय आता. सांगते. पन हसू नको आन् शिव्या देऊ नको. शिव्या नंतर दे. शिरगनतीच्या आधी आठ दिवस ती लाल तिकोनाची जीप आली हुती ना आमच्याकडं… कुटुंब नियोजनवाल्यांची रं… ओढ्यापतुर आली, पुढं रस्ता न्हाई म्हनून माघारी फिरली. आन् जाताना त्यातला कर्ना ओरडला, दोन किंवा तीन पुरेत. झालं. बाया माझ्याकडं आल्या पान्यावर. चांगुणाबाई, आता गुर्जी पोरं मोजाय येनार, ज्यांना तीनच्या वर त्यांचं धनी धरून न्हेनार, कापाकापी करनार, खरं का? आन् मी… गहिनी, मला काय बी ठाव नव्हतं. गुळाच्या पुडीचा कागद वाचते म्हनून शहानी मी. पन न्हाई कसं म्हनायचं? समद्या तोंडाकडं बघत हुत्या. मी म्हनलं, खरं आसंल. मी म्हनलं, तीनच सांगायची. तीनच्या वर एक बी सांगू नका…

सांजच्याला समद्या गावात झालं. चूल पेटायच्या आत. माझा शब्द म्हंजी काय, दवंडीच लागत न्हाई.

आं?… मी?… मी बी… आमच्या घरी?… मी बी तेच केलं… तेच म्हंजी तेच, काय इचारतोस… ऐकू येत न्हाई?… दोन… दोन!… आरं दोन लेकरं लपवली म्हनते!… ल-प-व-ली! माझीच दोन लेकरं लपवली मी गुर्जींपास्नं!… हां! आलं ऐकू?…

…आता समदं पोस्ट गप झालं, गहिनी. शिक्का मारायचा बी थांबला.

रंगुबाई, तुमी काय आ वासून बघताय? तुमी आज कशा बाजाराला?… आन् माझ्याकडं नका बघू तसं. तुमच्या धाकल्याला कणगीत कुनी बसवलं हुतं? मीच झाकन दिलं वरनं… व्हय, मीच सांगितलं हुतं बसवायला, मान्य हाय. आता गप उभ्या ऱ्हावा…

न्हाई, तुला न्हाई रं. आमच्या गावची रंगुबाई हाय हितं. कार्ड टाकाय आलीय म्हनं. आता आमच्या आधी माझं बोलनं पोचतंय गावात.

कोन म्हंजी, राही आन् बनू. थोरली तीन सांगितली. कानिफ, रंगनाथ आन् भामा. बनू तवा रांगत हुती, तिला शेजारी दिली. आन् राहीला कडब्यामागं उभी केली. पेंढ्या लावल्या पुढनं. म्हनलं, शिंकू नको, हलू नको, गुर्जी गेले की हाक मारीन…

तेच तर! तेच सांगते! राही त्यांच्याच वर्गात हुती ना रं! पाचवीत. पाढे तीच म्हनायची मोठ्यानं आन् बाकीची पोरं तिच्या मागनं. गुर्जींला ठाव न्हाई व्हय राही कुनाची ते? त्यांनी आल्या आल्या सात कागद काढले. एका मानसाला एक कागद हुता. आमी दोघं आन् पाच लेकरं, सात. इचारलं बी न्हाई, सरळ मोजून काढले आन् पुठ्ठ्याला लावले. मी तीन नावं सांगून गप बसले. ते म्हनले, आन् राही?… मी म्हनलं… 

मी म्हनलं, ती माझी न्हाई. नणंदेची हाय. शिकाय ठेवली हुती, आता गेली तिच्या गावाला.

म्हनलं की रं. माझ्याच तोंडानं म्हनलं.

कडब्याखालनं तिचा पाय दिसत हुता, गहिनी. पैंजनाचा पाय. गुर्जींनी बघितला. त्यांनी बघितलेला मी बघितला. ते हळूच म्हनले, बाई, ह्या मोजनीचा आन् त्या जीपचा काय बी संबंध न्हाई. ही नुसती मोजदाद हाय, गावाच्या कामाला येईल. तीनदा म्हनले. मी ऐकलं न्हाई. मी पदर पसरला त्यांच्यापुढं. म्हनलं, गुर्जी, माझ्या कुंकवाची शपथ हाय तुमाला, धन्याला न्हेतील, तीनच लिवा. आन् कुनाला सांगू नका… मंग त्यांनी दोन कागद पुठ्ठ्यातनं काढले आन् परत पिशवीत घातले. दोन कोरे कागद. घडीबी मोडली न्हाई.

काय?… चहा? दिला की. ओट्यावर दिला. बाहीर… आता ते पन इचार तू. कोनाड्यातल्या कपात दिला. तुला ठाव हाय कोनता कप… व्हय. समदं गाव त्यांना तसंच देतं, म्हनून मीबी. खरं सांगायचं तर मनात इचारबी आला न्हाई. पाया त्यांच्या पडले आन् कप वेगळा दिला. चहा पिऊन त्यांनी कप आपल्या हातानं इसळला आन् पालथा घातला जोत्यावर. माझी पोर पाच वर्सं शिकवली त्यांनी…

बोल की. शिव्या दे म्हनते ना आता…

काय?… कोनी दिलाय जबाब? गुर्जींनी?… कवा?… म्हनून सोमवारच्या आधीच कागद निघतोय व्हय?… वाच. वाच मला… मोठ्यानं वाच… 'गावच्या मोजणीत माझ्याकडून माणसे राहिली. याबद्दल मी दिलगीर आहे.'… पुढं?… पुढं वाच की… एवढंच?…

एवढंच कसं आसंल? नीट बघ. मागच्या बाजूला बघ… माझं नाव न्हाई?… कुनाचंच न्हाई?… आन् हजेरीपट?… दाखवला न्हाई?… आरं, हजेरीपटात तर राहीचं नाव हाय! राही रंभाजी वाबळे, बापाच्या नावासकट! समद्या गावची पोरं हायती त्याच्यात. तेवढा एक हजेरीपट टेबलावर टाकला आसता तर आमची समद्यांची तोंडं काळी झाली आसती आन् ते मोकळे…

शपथ घातली हुती ना मी.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आन् चोरानंच अर्ज लिवलाय.

न्हाई, रडत न्हाई. सर्दी हाय… न्हाई म्हनते ना… आता तुला म्हनून सांगते, मघाशी सांगितलं न्हाई. चावडीवर 'गुर्जी आलेच कुठं घरोघर' हे पैल्यांदा कोन बोललं ठाव हाय? मी. मला वाटलं, आता घराघरातली पोरं उभी करतील, माझी पाच निघतील. भ्यायले. तोंडातनं निघून गेलं. आन् निघाल्यावर बेचाळीस बायाबाप्ये 'व्हय व्हय' म्हनाय लागले, कारन समद्यांनीच लपवली हुती. तीस-पस्तीस पोरं तरी आसतील, गहिनी. अकरा कमी कसली, इस-पंचवीस जास्तच भरली आसती. गाडी आली आसती दारात… आन् गुर्जी तिथंच उभे हुते. खांबाला टेकून. त्यांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. बघितलं आसतं तर बरं झालं आसतं…

हां… हां… ऐकतेय… आता सांगितलं तर ऐकतील?… आज?… आत्ताच?… तू लिवून घेनार, एकच्या आत साहेबापुढं ठेवनार… आन् सही?… सोमवारी चावडीवर. समद्यांच्या पुढं…

गहिनी, ऐक ना. मी पोस्टकार्ड टाकलं तर न्हाई चालायचं? निनावी… न्हाई… मंगळवारी पोचंल… हां, तवर कागद निघून जाईल. कळलं. कळलं रं.

पन दाजींचं काय करू?… त्यांना ठावच न्हाई. ते त्या दिवशी मळ्यात हुते. मी तीन सांगितली ते त्यांना आजून ठाव न्हाई. ते बिचारे चावडीवर सगळ्यात मोठ्यानं बोलले गुर्जींला. बोट नाचवून. म्हनले, सरकारचा पगार खाता आन् घरात बसून गनती करता? माझ्या घरी आला आसता तर माझी पाचच्या पाच उभी केली आसती… आसं बोलले. भर चावडीत. मी त्यांच्या मागंच उभी, पदर तोंडात धरून. आता सोमवारी त्यांना काय सांगू? की तुमच्या बायकूनंच… ते मला मारनार न्हाईत रं. ते मारत न्हाईत. ते नुसते बसून ऱ्हातील, तेच मला बघवनार न्हाई…

आन् गाव? गाडी माझ्यापायी गेली म्हनल्यावर पान्यावर उभी करतील का मला? बाळंतीण बाजंवर घालून चार कोस आनावी लागती हितं. दर खेपंला माझं नाव काढतील… पुढची मोजनी कवा?… एक्क्याऐंशीला!… आठ वर्सं!… राही तवा एकवीस वर्सांची आसंल. यंदा सातवी झाली तिची. आठवीला काष्टीला यावं लागतं, आन् तिचा बाप म्हनतो, गाडी आली तर पाठवतो, चालत पोरीला न्हाई पाठवायची. ती आज शाळा बघाय म्हनून आलीय माझ्यासंगं. बाहीरनंच बघितली. फाटकाच्या गजाला धरून…

नको. नको, गहिनी. नको लिवू. माझी हिंमत न्हाई हुत. तू सांग साहेबाला, की बहीनीनं सांगितलं आसं नको म्हनू, आसंच कुठनं तरी कळलं म्हन… हां, मला कळतंय तू कारकून हायस. कळतंय. पन मी बाई मानूस…

काय हो पोस्टमास्तर? आजून थोडं… पाया पडते, तोडू नका. कोन? ती व्हय? ती माझीच… बोला की तिच्याशी, लाजती जरा…

हां, गहिनी. काय न्हाई, पोस्टमास्तर राहीला पानी देत्यात. मघापास्नं उन्हात बसलीय दारात. म्हनत्यात, कुनाची गं तू बाळ…

…

…हाय मी. हाय.

तू ऐकलंस का ती काय म्हनली?… न्हाई, फोनात कसं ऐकू येनार.

पोस्टमास्तरांनी इचारलं, कुनाची गं तू. हातात पेन हुतं त्यांच्या. आन् ती म्हनली, आत्याची.

माझ्यासमोर. मी हितं उभी, चार हातावर, आन् ती म्हनती, आत्याची, हितं शिकाय ठेवलीय.

मीच शिकवलंय, गहिनी. दोन वर्सं घोकून घेतलंय. म्हनलं हुतं, कागद-पेनवाला मानूस कुनाची म्हनून इचारंल तर काय सांगायचं? पाढ्यासारखं म्हनून घेतलं. मला वाटलं इसरली आसंल. आरं, तिनं जराबी इचार केला न्हाई. पटदिशी सांगितलं. आन् सांगून माझ्याकडं बघितलं, बरोबर सांगितलं का म्हनून…

राही. हिकडं ये. ये गं… काय चुकलं न्हाई तुझं. बरोबर सांगितलंस… न्हाई, बरोबर न्हाई. मी चुकीचं शिकवलं हुतं. ये, हितं उभी ऱ्हा माझ्यापाशी. पिशव्या ऱ्हाऊ दे तिथंच… धर पदर. धर.

गहिनी, घे. लिवून घे… व्हय, घे म्हनते ना. किती वाजले?… पाऊन? मंग लवकर लिव. मी सांगते तसंच्या तसं लिव, तुझं हापिसातलं नको घालू मधी.

मी, चांगुणा रंभाजी वाबळे… वय? छत्तीस घाल… राहनार निंबोणवाडी. लिवून देते, की भिंगारदिवे गुर्जी माझ्या घरी आले हुते. समद्या घरी गेले हुते. त्यांनी मला खरं सांगा म्हनून तीनदा सांगितलं. मी खोटं सांगितलं. मी गावातल्या बायांला खोटं सांगायला लावलं. अर्जावर पैली सही माझी हाय, ती खोटी… सही खरी हाय, अर्ज खोटा. नीट लिव… हां… गुर्जींची काय चूक न्हाई. चूक माझी हाय… 'सर्वस्वी' नको घालू, मला ते म्हनता यायचं न्हाई सोमवारी. नुसतं माझी हाय लिव…

रंगुबाई, कुठं निघालात? थांबा. गावात सांगायचंय ना? मंग पुरतं ऐकून जावा, अर्धं नको…

हॅलो, हां. खरखर लई व्हायलीय. लिवलंस?… लेकरांची नावं पाह्यजेत?… वयासकट. बरं. लिव. माझी लेकरं पाच… पाच! पंजा!… पैला कानिफनाथ. आठरा. लिवलंस?… दुसरा रंगनाथ. सोळा… सोळा, हां. तिसरी भामा. भामा! भामाबाई लिव… पंधरा. झालं?… आन् चवथी रा… हॅलो?… चवथी राही… गहिनी?… हॅलो?… हॅलो!…

पोस्टमास्तर, ह्यातनं काय येत न्हाई… आवाजच न्हाई. नुसतं भुंगा गुनगुनतोय… तुटला? आसा कसा तुटला? मी ठेवला न्हाई की!… नगरकडनं तुटला?… आहो, पन तो लिवत हुता. त्याच्या कागदावर तीनच झाली. कानिफ, रंगनाथ, भामा. तवाबी ह्याच तिघांवर थांबले हुते मी. आजबी सवयीनं तीच पैली सांगितली, आन् तीनच गेली. साहेब एकला उठनार हाय, तीनच वाचंल तो. परत जोडा…

एकच्या आत लागंल का, सांगता येत न्हाई?… नंबर लावावा लागंल?… हे पुढचे चार जन?…

आहो दादा, तुमी, टोपीवाले. तुमचं काय काम हाय फोनावर?… बाजारभाव इचारायचाय? मंग मला आधी जाऊ द्या की. समदं ऐकलंत तुमी माझं, आता काय झाकायचं तुमच्यापास्नं. दोनच नावं सांगायची ऱ्हायलीत… उपकार झाले. लई उपकार झाले, दादा.

जोडा, पोस्टमास्तर. तोच नंबर, नगरचा. थांबते मी.

बस, राही. बाकड्यावर बस, माझ्याजवळ. मामा आला फोनवर की तुझं नाव तूच सांग. आईचं, बापाचं, समदं सांग. मोठ्यानं सांग, त्याला ऐकू कमी येतंय.